परक्या रसायनांचा निचरा



अंग दुखले की आपण पॅरासिटामॉलची गोळी घेतो, तासाभरात बरे वाटते आणि गोळीचा विषय आपल्यापुरता संपतो. शरीराचे काम मात्र संपलेले नसते. त्याच्या लेखी ते परके रसायन. त्याची वासलात लावायलाच हवी. हे काम मुख्यतः यकृतातील एन्झाइम करतात. शास्त्रीय मराठीत त्यांना 'विकरे' म्हणतात.

पुष्कळ औषधे तेलकट पदार्थात सहज विरघळतात. ती मूत्रपिंडात गाळली गेली, तरी पुन्हा रक्तात शोषली जातात. म्हणून विकरे त्यांना पाण्यात विरघळणारी जोड देतात. पॅरासिटामॉलच्या बहुतेक भागाला ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडले जाते आणि तो लघवीवाटे निघून जातो. उरलेला थोडा भाग सायटोक्रोम पी-450 या कुळातील विकरांच्या हाती लागतो. ती त्याचे ऑक्सिडीकरण करतात आणि मूळ औषधाहून घातक असा पदार्थ तयार होतो!

रक्षण करणारेच विष कसे तयार करतात? कारण विकराला हिताहित कळत नाही. पुढ्यात आलेल्या रेणूची घडण तेवढी कळते. सुदैवाने यकृतात ग्लुटाथायोन असते. ते त्या विषाला धरून निष्प्रभ करते. योग्य मात्रेत हा व्यवहार बिनबोभाट चालतो.

पण ग्लुटाथायोनचा साठा मर्यादित आहे. मात्रा अति झाली की पहिल्या दोन वाटा अपुऱ्या पडतात, विष वाढते, साठा आटतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. फसवी गोष्ट अशी, की पहिल्या दिवशी थोडी मळमळ, क्वचित तेवढीही नाही. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा मात्र पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वांत गुणकारी ठरतो. 'उद्या पाहू' म्हणण्यात ती वेळ हातची जाते.

म्हणून घरातल्या औषधांच्या डब्याकडे जरा डोळसपणे पाहा. तापाची गोळी एका नावाची, सर्दीची दुसऱ्या. पण पॅरासिटामॉल दोन्हींत असू शकते. निरोगी प्रौढाने 24 तासांत सर्व मिळून 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. मद्यपान करणाऱ्यांनी, यकृताचा विकार असलेल्यांनी आणि अशक्त वृद्धांनी आपली मर्यादा डॉक्टरांना विचारावी. ती याहून कमी असू शकते. मात्रा चुकून जास्त झाली, तर त्रासाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

यकृत शुद्ध करण्याचे काढे, चूर्णे बाजारात पुष्कळ मिळतात. शुद्धीचे काम यकृत आपले आपण करतच असते. त्याच्यावर पेलेल एवढाच भार टाकणे, हे आपले काम.