मंत्र आणि मात्रा : प्राचीन संस्कृतींतील जादू व वैद्यक

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



माणूस आजारी पडला की तो आधी भगताकडे जात असे, पुढे वैद्य आला आणि शेवटी डॉक्टर आला, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. शाळेच्या निबंधातही आपण तसेच लिहितो. परंतु मातीच्या विटा आणि पपायरसचे गुंडाळे यांनी जी साक्ष ठेवली आहे, ती इतकी सरळ नाही. तीच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

इराकमध्ये निप्पुर नावाचे प्राचीन सुमेरी नगर होते. तेथे सापडलेली एक लहानशी मातीची पाटी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विद्यापीठ संग्रहालयात आहे. ती सुमारे इ.स.पू. २१०० मधील असून जगातील अतिशय जुन्या वैद्यकीय लेखांत तिची गणना होते. कोणा अनामिक वैद्याने तीवर आपली औषधे नोंदवली आहेत. मीठ, दूध, सापाची कात, कासवाची पाठ, खजूर, अंजीर हे जिन्नस कुटावेत, बीअरमध्ये कालवून प्यावेत किंवा लेप द्यावा, असे त्यात आहे. प्रमाणे दिलेली नाहीत, हा त्या गृहस्थाचा दोष म्हणावा लागेल. पण विशेष गोष्ट ही की, संपूर्ण पाटीवर एकही मंत्र नाही, देवाचे नाव नाही, भुताचा उल्लेख नाही. म्हणजे इतक्या जुन्या काळी मंत्राशिवाय औषध लिहिणारा माणूस होता!

पुढे बाबिलोन आणि असिरिया येथे दोन प्रकारचे जाणकार दिसतात. एक ‘असू’, म्हणजे औषध, पट्टी, लेप करणारा. आणि दुसरा ‘आशिपू’, म्हणजे मंत्र व विधी करणारा. आशिपू म्हणजे चौकात डमरू वाजवणारा मांत्रिक नव्हे. तो लिहिणारा-वाचणारा, वर्षानुवर्षे अभ्यास केलेला पंडित असे. इ.स.पू. ११ व्या शतकात एसागिल-किन-आप्ली या विद्वानाने रोगलक्षणांचा मोठा ग्रंथ ४० पाट्यांवर संपादित केला. त्यात डोक्यापासून पायापर्यंत लक्षणे क्रमाने सांगितली आहेत: ताप केव्हा चढतो, झटका येताना डोळे कसे होतात, लघवीचा रंग कोणता. ही निरीक्षणे आजही डॉक्टरला वाचवत नाहीत असे नाही. मात्र कारण सांगताना ‘हा अमुक देवाचा हात’, ‘हा प्रेताचा हात’ असे निदान येते. नजर शास्त्रज्ञाची आणि खुलासा मांत्रिकाचा, अशी ही जोडी आहे.

असिरियाचा राजा एसरहद्दोन (इ.स.पू. ७ वे शतक) सतत आजारी असे. त्याच्या वैद्याची पत्रे उपलब्ध आहेत. राजा विचारतो, माझ्या दुखण्याचे निदान का होत नाही? वैद्य मान्य करतो की लक्षणे आपल्याला उलगडलेली नाहीत. दुसऱ्या एका पत्रात नाकातून रक्त वाहणाऱ्या रुग्णाविषयी तो तक्रार करतो की, पट्ट्या नाकाच्या वरच्या बाजूस लावल्या आहेत. त्या नाकपुडीच्या आत घालाव्यात म्हणजे रक्त थांबेल. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो.

आता मिसरकडे वळू. १८६२ साली एडविन स्मिथ या अमेरिकनाने लक्सर येथे एक पपायरस विकत घेतला. जेम्स ब्रेस्टेड यांनी त्याचे भाषांतर १९३० मध्ये प्रसिद्ध केले. हस्तलिखित इ.स.पू. १६०० च्या सुमाराचे, मजकूर त्याहून जुना. त्यात जखमांचे व हाडे मोडल्याचे ४८ रुग्णप्रकार आहेत. प्रत्येक ठिकाणी वैद्याने तपासून तीनपैकी एक निर्णय द्यायचा: यावर उपचार करीन, याच्याशी झुंज देईन, किंवा यावर उपचार नाही. या ४८ प्रकारांत मंत्र येतो तो केवळ एकदा, कपाळाच्या जखमेसाठी. आणि याच गुंडाळ्याच्या पाठीमागे साथीच्या रोगापासून रक्षण करणारे मंत्र लिहिले आहेत!

एकाच गुंडाळ्याच्या दोन बाजूंत इतका फरक का? माझ्या मते उत्तर साधे आहे. भिंतीवरून पडून हाड मोडले, तर कारण डोळ्यांना दिसते. तेथे भुताला काही काम उरत नाही. साथ कोठून येते, ताप का चढतो, हे मात्र दिसत नव्हते. सूक्ष्मदर्शक नव्हता, जंतू ठाऊक नव्हते. कारण अदृश्य असले की मंत्र हजर होई.

जॉर्ज एबर्स यांनी १८७३ मध्ये मिळवलेला व आज लाइपझिग येथे असलेला पपायरस सुमारे २० मीटर लांब आहे. त्यात ८७७ परिच्छेद असून औषधे आणि मंत्र शेजारी शेजारी नांदतात. पट्टी सोडताना काय म्हणावे, औषध पिताना काय म्हणावे, हेही दिले आहे. जखमेला मध लावावा, रातांधळेपणाला बैलाचे काळीज द्यावे, असे उपाय त्यात आहेत. मध जंतूंची वाढ रोखतो आणि काळजात ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असते, हे आज आपण जाणतो. त्या रोग्याला गुण येई तो काळजाने. मंत्र बरोबर असेल तर श्रेय त्यालाही मिळे.

भाषेतही ही गल्लत उरली आहे. ग्रीक भाषेत ‘फार्माकॉन’ म्हणजे औषध, विष आणि मोहिनी, तिन्ही. अरबीत ‘तिब्ब’ म्हणजे वैद्यक, पण त्याच धातूचा ‘मत्बूब’ हा शब्द जुन्या वापरात जादू झालेल्या माणसासाठी येतो. आपल्या देशात अथर्ववेदातील ताप उतरवण्याचे मंत्र कुष्ठ या वनस्पतीलाच हाक मारतात. पुढे चरकसंहितेने दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे चिकित्सेचे तीन प्रकार वेगळे मांडले. वेगळे मांडणे हीच मोठी पायरी होती. ग्रीसमध्ये सुमारे इ.स.पू. ४०० मध्ये हिपोक्रॅटिसच्या परंपरेतील एका लेखकाने फेफरे हा इतर रोगांसारखाच रोग आहे, त्यात अधिक दैवी काही नाही, असे स्पष्ट लिहिले.

आता सापाविंचवांविषयी. मिसरमध्ये ‘होरसचा शिलालेख’ म्हणतात अशा दगडांवरून पाणी ओतीत आणि ते दंश झालेल्याला पाजीत. मंतरलेले पाणी पाजण्याची चाल आपल्याकडेही सर्व जातिधर्मांच्या घरांत आहे, तेव्हा हसू नये. त्याच मिसरमधील एक पपायरस अमेरिकेत ब्रुकलिनच्या संग्रहालयात आहे. त्यात सापांचे प्रकार, प्रत्येकाच्या दंशाची लक्षणे आणि रुग्ण वाचेल की नाही याचा अंदाज दिला आहे. औषधांत कांदा वारंवार येतो, मंत्र थोडे.

मग मंत्राने विष उतरते असे हजारो वर्षे का वाटत आले? कारण बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडताच चावतो. असा रोगी मांत्रिकाकडे गेला तरी वाचणार आणि घरी बसला तरी वाचणार. त्याची वार्ता गावभर होते. जो दगावला, त्याच्याविषयी ‘फार उशिरा आणला’ असे म्हणून विषय संपतो.

हा हिशोब केवळ इतिहासाचा नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते. फुरसे तर कोकणात बांधाबांधावर आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही. सकाळी पापण्या मिटू लागतात, तोवर वेळ गेलेला असतो. लाल विंचवाची कथा अधिक आशादायक आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी या दंशावर वापरून दाखवली. पूर्वी गंभीर दंशाचे कितीतरी रुग्ण दगावत, ते प्रमाण अगदी अल्प झाले. निप्पुरच्या वैद्यानेही औषधे नोंदवूनच ठेवली होती.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. अडवणे हा शब्द पालकांनी नीट ध्यानात घ्यावा. दुआ किंवा प्रार्थना गाडीत बसूनही करता येते. गाडी मात्र आधी निघाली पाहिजे.

प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत. मुलींनी आधी विचारावेत.