वणीच्या चुनखडीतला समुद्र



यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टवर वसलेला आहे. वणी-मुकुटबनकडे गेलं, की दगड बदलतो. राजूरच्या चुनाभट्ट्यांत भाजला जाणारा, मुकुटबनच्या सिमेंट कारखान्याला लागणारा हा चुनखडक पैनगंगा गट नावाच्या खडकसमूहातला. १०० कोटी वर्षांहूनही आधी तो समुद्रतळाशी साचला.

त्या समुद्रात प्रवाळ नव्हते, मासे नव्हते, शंखशिंपलेही नव्हते. प्राण्यांनी समुद्रात रचलेल्या सुरुवातीच्या भित्तींपैकी काही फार नंतरच्या, कॅम्ब्रियन काळातल्या, सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीच्या. रचणारे होते आर्किओसायाथ नावाचे स्पंज. एकेक जीव पेल्यासारखा, बहुधा काही सेंटिमीटर उंच. त्याला दुहेरी भिंत, दोन्ही भिंतींना बारीक भोकं आणि मधे उभे पडदे. बाहेरून आत आलेलं पाणी वरच्या तोंडाने निघून जाई आणि त्यातलं अन्न मागे राही. सायबेरियात त्यांचे सर्वांत जुने अवशेष मिळतात; पुढे ते ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिकापर्यंत पोचले. शॅकल्टनच्या १९०७-०९च्या मोहिमेने बिअर्डमोर हिमनदीवरून आणलेल्या चुनखडीतही ते सापडले. इतका पसारा मांडलेले हे जीव दीड-दोन कोटी वर्षांत जवळजवळ संपले.

मग वणीच्या समुद्रात कोण होतं? सूक्ष्मजीव.

उथळ पाण्यात सायनोबॅक्टेरियांचा चिकट थर पसरे. त्यावर गाळाचे कण अडकत, चुना साठे. उजेडासाठी जीव वर सरकत आणि नवा थर धरत. असे थरावर थर चढून स्ट्रोमॅटोलाइट तयार होतात. दगडाचा ताजा काप ओला केला, की एकावर एक चढलेल्या बारीक, फिकट-गडद कमानी दिसतात. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी वणी परिसरातून असे जीवाश्म नोंदवले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या शार्क उपसागरात स्ट्रोमॅटोलाइट आजही जिवंत वाढतात, आणि तो भाग जागतिक वारसा म्हणून राखला आहे.

आपल्याकडे हाच दगड रोज फुटतो. खाणी चालाव्यात, त्यांवर अनेकांची पोटं आहेत. पण कमानी उमटलेला एखादा उघडा कातळ राखून ठेवणं अवघड नाही. वणी, मारेगाव, झरी जामणीतल्या शिक्षकांनी मुलांना तिथे न्यावं. असा दगड दिसला तर फोडू नका. जागेची नोंद करा, फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा.