पोहायला न जाणारा मुलगा, बनियन न काढणारे आजोबा

(मंडळाच्या आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'पुरुषांचे आरोग्य' असा छापला आहे. कार्यकारिणीने हे शब्द फार विचार करून निवडले असणार! कारण मी ज्यावर बोलणार आहे त्याचं खरं नाव छापलं असतं तर अर्धे पुरुष आज जेवणाच्या रांगेतच उभे राहिले असते. विषय आहे पुरुषांच्या छातीत होणारी स्तनांची वाढ. वैद्यकीय भाषेत गायनेकोमास्टिया.

मी इथे अमेरिकेत हार्मोन्सच्या विकारांचा डॉक्टर आहे. माझ्याकडे आपले लोक मधुमेहासाठी येतात, थायरॉइडसाठी येतात. ह्या तक्रारीसाठी सहसा कोणी येत नाही. सगळं बोलून झालं, उठून दाराशी गेले, की हळूच म्हणतात, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं..."

पहिली गोष्ट, हे नवीन नाही. हा शब्द ग्रीक आहे आणि तो दुसऱ्या शतकातल्या गेलन ह्या वैद्याकडून आला असं मानतात. सातव्या शतकात एजिनाच्या पॉल नावाच्या वैद्याने ह्यावरची शस्त्रक्रियासुद्धा लिहून ठेवली आहे. तेव्हा "इथलं चिकन खाऊन मुलांना असं होतं" हा आपल्या पॉटलकमधला आवडता सिद्धांत जरा बाजूला ठेवूया. अमेरिकेत कोंबड्यांना हार्मोन्स द्यायला कायद्यानेच परवानगी नाही.

मग होतं कशामुळे? प्रत्येक पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन असतं, तसं थोडं इस्ट्रोजेनही असतं. स्तनाची ग्रंथी पुरुषातही असते, फक्त झोपलेली. तराजूचं पारडं इस्ट्रोजेनच्या बाजूला झुकलं की ती ग्रंथी वाढायला लागते. आपल्या चरबीत अ‍ॅरोमॅटेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं. म्हणून पोट सुटलं की हे पारडं आणखी झुकतं.

आयुष्यात तीन वेळा हे आपोआप घडू शकतं. नवजात बाळात, आईच्या हार्मोन्समुळे. ते काही आठवड्यांत जातं, त्यामुळे ते दाबून दूध काढायचा जुना उद्योग कृपया करू नका, त्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो. दुसऱ्यांदा वयात येताना. आणि तिसऱ्यांदा पन्नाशीनंतर.

वयात येणाऱ्या मुलांचं आधी बोलतो, कारण इथे बसलेल्या बऱ्याच आयांचा प्रश्न तोच आहे. बारा ते चौदाच्या सुमाराला जवळजवळ निम्म्या मुलांच्या छातीत थोडी तरी वाढ होते. स्तनाग्राखाली रबरासारखी चकती लागते, कधी दुखते, कधी एकाच बाजूला असते. बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत जिरून जाते. शरीराच्या हिशेबात हे साधं आहे, पण त्या मुलाच्या मनात ते साधं नसतं. इथे शाळेत जिमच्या तासाला सगळ्यांसमोर कपडे बदलावे लागतात. जुलैच्या उन्हात जाड हुडी घालून बसणारा, आवडतं पोहणं एकदम सोडणारा मुलगा मी पाहिला आहे. घरी आई म्हणते, "बाळसं आहे, जाईल." बाबा म्हणतात, "रोज वीस पुशअप्स मार." आणि भारतातून आलेले काका सगळ्यांदेखत असं काही बोलून जातात की तो मुलगा खोलीचं दार लावून घेतो. पुशअप्सने स्नायू वाढतात, ग्रंथी कमी होत नाही. त्या मुलाला हवं असतं एकच वाक्य: "हे तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना होतं, ह्याला नाव आहे, आणि आपण डॉक्टरांना दाखवूया."

डॉक्टर काय बघतात? मुलाला उताणं झोपवून अंगठा आणि बोटाने दोन्ही बाजूंनी स्तनाग्राकडे चिमटीत धरून बघतात. मधोमध घट्ट चकती लागली तर ती ग्रंथी. सगळं मऊच लागलं तर ती नुसती चरबी, तिचा उपाय ताटात आणि मैदानात आहे. त्याचबरोबर वृषणांचीही तपासणी करतात. वृषणं वयाच्या मानाने फारच लहान असतील तर क्लाइनफेल्टर सिंड्रोमसारख्या जन्मजात कारणाचा विचार करतात; वृषणात गाठ असेल तर ती लगेच शोधावी लागते. बाकी सगळं ठीक असेल तर दर सहा महिन्यांनी बघायचं, बस.

आता मोठ्यांकडे येतो. पन्नाशीनंतर छातीत वाढ झाली तर मी आधी औषधांची पिशवी मागवतो. रक्तदाब किंवा हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन, प्रोस्टेट किंवा केसांसाठी फिनास्टेराइड, अ‍ॅसिडिटीसाठी सिमेटिडिन, मनोविकारासाठी रिस्पेरिडोन, प्रोस्टेटच्या कर्करोगावर हार्मोन रोखणारी औषधं, ह्या सगळ्यांनी हे होऊ शकतं. पण ऐकून घरी जाऊन गोळी बंद करू नका! पुष्कळदा पर्यायी औषध मिळतं, ते डॉक्टरांना बदलू द्या. दारूने लिव्हर खराब झालं, मूत्रपिंड निकामी झालं, थायरॉइड जास्त झालं तरी हे होतं. जिमला जाणाऱ्या तरुणांनो, स्नायूंसाठी घेतलेल्या स्टेरॉइडने स्नायूंबरोबर हेही वाढतं. आणि ओळखीच्या कोणी पाठवलेलं, लेबल नसलेलं 'ताकदीचं चूर्ण' असेल तर तेही पिशवीत घालून आणा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो. एकूण स्तनकर्करोगाच्या शंभरात एकापेक्षा कमी, पण होतो. मुलाकडे आलेले एक आजोबा वर्षभर छातीतली गाठ बनियनखाली लपवून होते. दुखत नव्हती, म्हणून काळजी नव्हती. बनियनवर रक्ताचा डाग सुनेला दिसला तेव्हा कळलं. तोवर तो रोग काखेतल्या गाठींपर्यंत गेला होता. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आज ते बरे आहेत. पण वर्षभर आधी आले असते तर उपचार कितीतरी सोपा झाला असता. "सुनेला कसं सांगायचं?" एवढ्याच कारणासाठी ते थांबले होते.

तेव्हा ही लक्षणं लक्षात ठेवा: गाठ एकाच बाजूला, दगडासारखी कडक, स्तनाग्राच्या मध्यापासून बाजूला, स्तनाग्र आत ओढलं जाणं, रक्त किंवा पाणी येणं, त्वचेला खळी किंवा जखम, काखेत गाठ. ह्यांतलं एक जरी असलं तर वाट बघू नका. पुरुषांचीही मॅमोग्राफी होते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरात आई, बहीण, आत्या, मावशी, कोणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना सांगा. बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो आणि मुलाकडेही जातो.

उपचार तीन पायऱ्यांचे आहेत. कारण सापडलं तर ते दूर करायचं. दुखणारी, नव्याने झालेली वाढ असेल तर काही जणांना टॅमॉक्सिफेन काही महिने देतात. वर्ष उलटलं की ग्रंथीत तंतू तयार होतात आणि मग गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा उरते शस्त्रक्रिया: लायपोसक्शनने चरबी आणि स्तनाग्राच्या गडद कडेवरून छोटा छेद घेऊन ग्रंथी काढतात. मुलांमध्ये शक्यतो वाढीचं वय संपेपर्यंत थांबतात. इथल्या विमा कंपन्या बऱ्याचदा हे 'सौंदर्यासाठी' म्हणून नाकारतात, म्हणून आपले लोक म्हणतात, डिसेंबरच्या सुट्टीत भारतात करून येऊ. जरूर करा, पण कारणाचा तपास आधी करून घ्या. नंतर काही आठवडे घट्ट जॅकेट घालावं लागतं आणि टाके, सूज दाखवावी लागते, तेव्हा लगेच परतीचं विमान पकडू नका.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलाच्या वार्षिक तपासणीला जाल तेव्हा दोन मिनिटं बाहेर बसा. त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. आणि तुमचे बाबा भारतातून आले की त्यांच्या गोळ्या मोजता, तसंच सहज विचारा, "बाबा, कुठे गाठ वगैरे नाही ना?" उत्तर बहुतेक वेळा "काही नाही रे" असंच येईल. तरी विचारा.

चहाच्या वेळी मी त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसणार आहे. "माझ्या एका मित्राला" अशी सुरुवात केलीत तरी चालेल.