'थेट' म्हणजे मधली बाई कुठे गेली?

(मासळी विकणाऱ्या बाया आणि शहरातले महिला गट यांच्या एकत्र शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला होता 'अन्न आणि स्त्रिया'. हा विषय एवढा मोठा की त्यात मीही बुडेन आणि तुम्हालाही बुडवीन. म्हणून आज मी एकाच शब्दावर बोलणार आहे. तो शब्द म्हणजे 'थेट'.

मुंबई, पुणे, गोवा इथल्या महागड्या हॉटेलांत हा शब्द आता ठिकठिकाणी दिसतो. 'शेतातून थेट ताटात', 'समुद्रातून थेट ताटात'. इंग्रजीत याला फार्म टू टेबल म्हणतात. ही पद्धत गाजली ती अमेरिकेत. १९७१ साली अॅलिस वॉटर्स या बाईंनी कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात 'शे पानीस' हे हॉटेल काढले. पुढे त्याची ओळख झाली ती या रीतीसाठी : माल जवळच्या शेतकऱ्यांकडून घ्यायचा, ज्या हंगामात जे पिकते तेच शिजवायचे आणि पिकवणाऱ्याचे नाव सांगायचे. डबाबंद अन्नावर वाढलेल्या देशात ही गोष्ट चांगलीच होती, तिची टिंगल करायचे मला काही कारण नाही. आपल्याकडे कोळणीची पाटी सकाळी दारात यायची, त्याला कुणी असे झोकदार नाव दिले नव्हते इतकेच.

पण कल्पना खपू लागली की तिची पाटी रंगवणारे येतात. २०१६ साली फ्लोरिडातल्या एका वृत्तपत्राच्या बातमीदार लॉरा रायली यांनी अशा हॉटेलांचा पाठपुरावा केला. ज्या शेतांची नावे फळ्यावर लिहिली होती, त्यांतल्या काहींनी सांगितले की या हॉटेलाला आम्ही माल देतच नाही. स्थानिक म्हणून सांगितलेली मासळीही भलतीच निघाली. त्याआधी २०१३ साली ओशियाना या संस्थेने अमेरिकेतून माशांचे बाराशेच्या वर नमुने गोळा करून तपासले, तेव्हा एक तृतीयांश नमुन्यांत मासा एक आणि नाव दुसरेच आढळले. जिथे तपासणी करायला माणसे आणि पैसा आहे, तिथली ही गत.

आपल्याकडे काय आहे? शंका घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही, कॅलेंडर पुरते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा हा काळ. त्या दिवसांत हॉटेलात बसून कुणी तुम्हाला 'आजच आपल्या किनाऱ्यावरून आलेली सुरमई' वाढत असेल तर विचारा, कुठल्या होडीने आणली? पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. म्हणजे जुलैत तिकडच्या नौका समुद्रात असतात. ती सुरमई तिकडून बर्फात आली असेल किंवा शीतगृहातून निघाली असेल. बिघडले काहीच नाही, मासा तो मासाच. पण मग 'थेट' कशाला म्हणता आणि त्या शब्दाचे वेगळे पैसे कशाला घेता?

गोव्यात जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारात मासळीला फॉर्मेलिन लावल्याचा संशय आला आणि गदारोळ झाला. सरकारने काही काळ परराज्यांतून येणारी मासळी बंद केली. तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आले की ज्याला आपण गोव्याची मासळी म्हणून चाखतो, तिच्यातली बरीच ट्रकने बाहेरून येते.

कोळंबीची गोष्ट तर आणखी मजेची आहे. हॉटेलात बहुतेकदा मिळते ती व्हनामी कोळंबी. तिचे मूळ अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर. भारतात तिच्या पैदाशीला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आज ती मुख्यतः आंध्रच्या तळ्यांत वाढते. एका अर्थाने हे 'शेतातून ताटात' खरेच आहे! पण त्या शेताला खाद्य लागते. त्यासाठी आपल्याच किनाऱ्यावरची तारली आणि बारीकसारीक मासळी पूड करणाऱ्या कारखान्यांत जाते. तारली गरिबाच्या घरचा मासा, आणि डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईचा धंदाही त्याच्यावर. ती तारली कारखान्यात गेली, तिची कोळंबी झाली, कोळंबी टेबलावर आली. या वाटेवर त्या बाईचा धंदा कुठे बुडाला, हे कुठल्या मेनूकार्डावर लिहितात?

आता मूळ मुद्द्यावर येते. फसवणुकीपुरते म्हणायचे तर ग्राहक चळवळ आहे, ती बघून घेईल. मला जास्त खटकते ते हे, की 'थेट' हा शब्द खरा असला तरीही त्यात एक खोट आहे. थेट म्हणजे मधे कुणी नाही. पण मासळीच्या धंद्यात मधे कोण असते? बाईच असते.

दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावर लिलाव बघा. मासळी किनाऱ्याला लागली की पुरुषाचे काम बरेचसे संपते आणि बाईचे सुरू होते. निवडायचे, जातवार लावायचे, बोली लावायची, बर्फ मिळवायचा, टेम्पोत जागा मिळवायची. मुंबईला ससून डॉकवर पहाटे जा. हा धक्का १८७५ सालचा. तिथे बाया ओळीने बसून कोळंबी सोलत असतात. बर्फाच्या पाण्यात हात, सालाची टोके बोटांत. मजुरी वजनावर. मग वसई-पालघरकडून लोकलच्या लगेज डब्यातून पाट्या घेऊन येणाऱ्या बाया. मग बाजारात ओट्यावर नाहीतर फुटपाथवर वाटे लावून बसणे, गिऱ्हाइकाशी घासाघीस, खवले काढून, तुकड्या करून देणे. उरले तर खारवणे, वाळवणे. बोंबील, जवळा, सोडे यांच्यावर पावसाळ्यात निम्मी कोकणपट्टी जेवते, ते सगळे वाळवण बाईच्या हातचे.

आणि या एवढ्या मोठ्या साखळीला हॉटेलवाला एका शब्दात म्हणतो, 'मधले दलाल आम्ही काढून टाकले.'

दलाल नाहीत असे मी म्हणत नाही. नौकामालकाला डिझेलला, जाळ्याला उचल देऊन त्याची सगळी मासळी स्वस्तात उचलणारे व्यापारी आहेतच. पण ते कुणी काढून टाकलेले नाहीत. हॉटेलचा फोन त्यांनाच जातो. मोठे पापलेट, मोठी सुरमई, शेवंड लिलावाला येण्याआधीच बाजूला होते. लिलावात पाटीवालीच्या वाट्याला काय येते ते इथे बसलेल्या मावश्यांना विचारा, त्या माझ्यापेक्षा चांगले सांगतील, आणि शिव्यांसकट सांगतील.

'स्थानिक' या शब्दाचेही तसेच. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या नौकांवर कितीतरी खलाशी नेपाळचे आहेत. मासा स्थानिक, पकडणारा परका, विकणारी अतिक्रमण करणारी! शेवटचा शब्द माझा नव्हे, तो महापालिकेचा. २०२१ साली मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज मंडईतल्या मासळीवाल्यांना ऐरोलीला हलवायचे ठरले, तेव्हा कोळणींनी विरोध केला. पहाटे धक्क्यावरून माल घेणाऱ्या बाईला ऐरोली म्हणजे किती भाडे, किती वेळ, आणि ठरलेले गिऱ्हाईक तिथवर येणार का, याचा हिशेब कागदावर कुणी मांडला होता?

एका नव्या हॉटेलात मला एका मैत्रिणीने नेले होते. भिंतभर फोटो होता, कासोटा घातलेली, नाकात नथ, डोक्यावर पाटी. फोटो सुंदर होता. त्याच रस्त्यावर पलीकडे तीन-चार बाया मासळी घेऊन बसत, त्या उठवल्याला महिनाही झाला नव्हता. कारण, वास येतो. भिंतीवरच्या बाईला वास नसतो हे खरे. आणि या वासाच्या तक्रारीत जात किती आणि नाक किती, हे ज्यांना मासे खातात म्हणून भाड्याने घर नाकारले गेले त्यांना चांगले माहीत आहे.

मग खायचेच नाही का? छे! मी मासे खाणारी बाई आहे आणि ते आवडीने खाते. ओला बोंबील कुरकुरीत तळलेला, मांदेलीचे तिखले, ओहोटीला खाडीत वाकून बायांनी वेचलेल्या तिसऱ्यांचे एकशिपी, यात जे सुख आहे ते सोडा असे सांगायला मी आलेली नाही. चळवळीतल्या बाईने चवीचे नाव काढू नये असा आपल्यात एक उगीचचा समज आहे. उलट मी म्हणेन, घरात मधली तुकडी कुणाच्या पानात पडते तेही एकदा बघा. साफ करते ती, वाटण वाटते ती, आणि शेवटी डोके, शेपूट आणि कालवण तिच्या वाट्याला. बाजारातला हिशेब विचारणाऱ्या आपण घरातल्या ताटाचा हिशेब का विचारू नये?

खायचे तर पापलेट-सुरमईच्या पलीकडचेही खावे. पापलेटला २०२३ मध्ये राज्य मासा जाहीर केले, त्याच सुमारास ५४ जातींच्या माशांची किमान लांबी सरकारने ठरवून दिली, कारण पिल्लेच पकडली जात होती. बोटाएवढे पापलेट स्वस्त मिळाले म्हणून आपण घेतो, तेव्हा पुढच्या वर्षीची पाटी आपणच रिकामी करतो. कोळणीशी ओळख असली तर ती स्वतःच सांगते, 'ताई, आज हे नको, मांदेली घे.' हे ज्ञान हॉटेलच्या फळ्यावर मिळत नाही.

राहिली मागण्यांची बाजू. रस्त्यावरच्या विक्रेत्यांचा कायदा २०१४ सालचा आहे. शहर विक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश बाया हव्यात, असे त्यात लिहिले आहे. पाहणी झाल्याशिवाय आणि प्रमाणपत्र दिल्याशिवाय उठवता येणार नाही, असेही आहे. त्याच साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने छोट्या मासेमारीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांत मासळी पकडल्यानंतरचे काम, म्हणजे निवडणे, वाळवणे, विकणे, हेही मासेमारीचेच काम मानले आहे. आपल्याकडे मात्र मच्छीमार म्हटले की होडीवरचा पुरुष डोळ्यासमोर येतो. त्यामुळे विक्रेती बाई कुठल्या नोंदवहीत मावतच नाही. मासळीखाते म्हणते ती फेरीवाली, पालिका म्हणते ती अतिक्रमण.

म्हणून पहिले काम नोंदीचे. तुमच्या भागात मासळी घेऊन बसणाऱ्या किती, कुठल्या धक्क्यावरून माल आणतात, जागेची पावती कुणाकडे आहे, शौचालय कुठे आहे, हे विचारायला एक साधा कागद केला आहे. तो मागच्या टेबलावर ठेवलाय. शहरातल्या गटांनी एकट्याने जाऊ नका, इथल्या कुणा मावशीला बरोबर घ्या. आणि सकाळी नऊच्या आत विचारायला जाऊ नका, तेव्हा त्यांना बोलायला वेळ नसतो. दुपारी दोननंतर जा, माल संपलेला असतो आणि चहा मागवता येतो.