कुडूच्या शिकारीची पूर्वतयारी
दक्षिण आफ्रिकेंतील झुडपी रानांत कुडू या पिळदार शिंगांच्या हरणाच्या शिकारीचा बेत बंदुकीपासून नव्हे, ऋतूपासून आखावा लागतो. मे ते ऑगस्ट हा तेथील कोरडा हिवाळा. काटेरी झाडींत दडणारा हा करडा, पांढऱ्या पट्ट्यांचा नर पानगळीमुळें तेव्हां दृष्टीस पडतो, तोही बहुधा पहांटे व सायंकाळीं. श्रोत्यांनीं काळविटाचा पीळ आठवून फसूं नये. कुडूचें अधिक जवळचें नातें विदर्भांतील रोह्याशीं आहे! शिंगें केवळ नरास. पहिला पीळ दोन वर्षांच्या सुमारास पडतो. पुरे अडीच पीळ भरावयास सहा वर्षें लागतात. पीळ न मोजतां चाप ओढणारा उतावळा शिकारी वंश चालविण्यापूर्वींच नर संपवितो. जखमी जनावर झाडींत शिरलें, तर रक्ताच्या थेंबांवरून माग काढणारा स्थानिक माणूसच कामीं येतो. जाणता शिकारी त्याची निवड रायफलीच्या आधीं करतो.