एका फाइलीचा भूतकाळ



व्याकरण शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने सी भाषेतील प्रोग्रॅमविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण प्रश्न क्रियापदाच्या काळाचाच आहे. इंदुरी मराठीचा शब्दसंग्रह मी करीत आहे. ओळीस एक शब्द अशा फाइली वाचून शब्द मोजणारा प्रोग्रॅम माझ्या नातीने लिहिला. काही फाइलींची बेरीज बिनचूक येई. काहींत शेवटचा शब्द दोनदा मोजला जाई. एकदाच आढळलेला शब्द दोनदा आढळला असे छापणे कोशकाराला परवडत नाही.

दोष ‘एफईओएफ’ या फंक्शनचा अर्थ लावण्यात होता. पास्कल भाषेतील ‘ईओएफ’ पुढे डोकावून सांगते. सीमधील हे फंक्शन भूतकाळात बोलते: वाचावयास गेलो, तेव्हा काही उरले नव्हते. शेवटच्या शब्दापुढे एंटर दाबलेला असेल, तर तो शब्द वाचून झाल्यावरही ते ‘संपली’ म्हणत नाही. मग पुन्हा वाचन होते, ‘एफगेट्स’ रित्या हाताने परतते, स्मृतीत जुनाच शब्द राहतो आणि तोच पुन्हा मोजला जातो. अखेरीस एंटर नसलेल्या फाइली म्हणूनच (आणि केवळ योगायोगाने!) निर्दोष ठरल्या होत्या.

नातीने मग ‘एफगेट्स’चे उत्तरच तपासले, ‘नल’ आले की थांबावयाचे. वाचन फाइल संपल्याने थांबले की बिघाडाने, एवढे विचारण्यापुरते ‘एफईओएफ’ त्यानंतर. सर्व याद्या आम्ही नव्याने मोजल्या.