लांबून दाबलेलं बटण

(समुदाय रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात इस्लापूरहून केलेलं भाषण)

हातातलं काम सोडू नका. भाकरी थापता थापता, डाळ निवडता निवडता ऐकलंत तरी चालेल. मीसुद्धा सकाळचं सगळं उरकून, डोक्यावर पदर सारखा करून इथं येऊन बसले आहे.

मला विषय दिला आहे तो असा : घरातला रोबो, म्हणजे घरकाम करणारं यंत्र, इंटरनेटवरून लांब बसून कसं चालवतात. घरी हे सांगितलं तर आमच्या आत्याबाई हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "आपल्याकडं लाईन गेली की मिक्सर चालंना, अन् तू रोबोचं काय सांगतीस माय!" त्यांचं खरंच आहे. पण मी जरा विचार केला. लांबून चालणारं यंत्र आपल्या किनवट तालुक्यात नवं कुठं आहे? विहिरीवरची मोटार आहेच की.

शेतीची लाईन कशी येते ते तुम्हाला मी काय सांगायचं. पाळीपाळीनं, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत घरातला पुरुष बॅटरी घेऊन निघायचा, अन् तो परत येईपर्यंत आपला डोळा लागायचा नाही. साप, विंचू, रानडुक्कर, ओल्या हातानं धरलेला स्टार्टर. ज्यांच्या घरी पुरुष नाही त्या बाया स्वतः जायच्या. मग मोबाईल स्टार्टर आला. स्टार्टरच्या डब्याशेजारी एक छोटा डबा, त्यात सिमकार्ड. आपण घरून फोन लावायचा, तो डबा फोन उचलतो, लाईन आहे की नाही ते सांगतो, तिन्ही फेज नीट असतील तरच मोटार चालू करतो. विहिरीतलं पाणी तुटलं तर बंद करतो. याला इंटरनेटसुद्धा लागत नाही, मोबाईलची रेंज असली की पुरे.

ही कल्पना महाराष्ट्रात पहिल्यांदा बाजारात आणणाऱ्यांपैकी एक म्हणजे पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल. त्यांच्या आजोबांना म्हातारपणी मोटार चालू करायला पुन्हा पुन्हा शेतात चालत जावं लागायचं. नातवानं ते लहानपणी पाहिलं होतं. पुढं त्यांनी 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र केलं अन् २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. म्हाताऱ्या माणसाचे पाय दुखतात, एवढ्या गोष्टीतून ते निघालं. मला ते आवडतं.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमची मोटार पाणी ओढेना. धाकटे भाऊजी विहिरीत उतरले, खालच्या जाळीत कचरा अडकला होता तो काढायला. लाईन नव्हती. घरचे त्या दिवशी नांदेडला गेले होते. त्यांच्या फोनवर निरोप आला की लाईन आली. त्यांना वाटलं हळदीला पाणी द्यायचं राहिलंय, त्यांनी तिथूनच फोन लावला. भाऊजी कमरेएवढ्या पाण्यात उभे. इकडं डबा कुणाला विचारतोय, की बाबा विहिरीत कोणी आहे का?

पण मोटार चालू झाली नाही. कारण भाऊजी उतरायच्या आधी आत्याबाईंनी तिन्ही किटकॅट काढून ओटीत घेतले होते अन् त्या धुऱ्यावर जाऊन बसल्या होत्या. त्यांना मोबाईल स्टार्टरमधलं काही कळत नाही. त्यांना एवढंच माहीत की माणूस विहिरीत असला तर किटकॅट आपल्यापाशी पाहिजेत. त्या दिवशी संध्याकाळी घरात कुणी कुणाशी फार बोललं नाही. भाऊजी दोनदा जेवायला उठले अन् न जेवता बसले.

तेव्हापासून लांबून चालणाऱ्या कुठल्याही यंत्राकडं बघताना मी पहिल्यांदा हेच बघते. यंत्राच्या जवळ जो आहे, त्याच्या ओटीत किटकॅट आहेत का?

आता घरात येऊ. माझा मुलगा हैदराबादला असतो, कंपनीत आहे. त्याच्या खोलीवर झाडू मारणारं यंत्र आहे. मोठ्या ताटाएवढं, गोल. जमिनीवर फिरत फिरत धूळ ओढतं. तो ऑफिसात बसून फोनवरून ते चालू करतो. म्हणाला, "आई, तुला पण घेऊन देतो. मी इथून बटण दाबलं की तिथं घर झाडून होईल." आत्याबाई लगेच म्हणाल्या, "मंग तुला इकडं यायचं कारणच उरलं नाही." पोरगं गप्प झालं. यंत्र काही घेतलं नाही. एक तर आमच्या घरात तीन उंबरे, अन् ते यंत्र बोटभर उंचीच्या उंबऱ्यालाच अडतं. त्यात अंगणातून आलेलं वासरू.

त्याऐवजी त्यानं कॅमेरा आणून बसवला. आजीची काळजी, दुसरं काय. हा कॅमेरा नुसता बघत नाही. तो मान फिरवतो, वर खाली बघतो, त्यातून बोलता येतं, ऐकता येतं. हातपाय नसलेला रोबोच म्हणा. अन् त्याची मान फिरवायचं बटण हैदराबादला.

हे चालतं कसं, ते मी त्याच्याकडून समजून घेतलं. मला वाटायचं त्याचा फोन सरळ आमच्या कॅमेऱ्याशी बोलतो. तसं बहुतेक नसतं. तुम्हाला पी.पी. नंबर आठवतो का? गावात एखाद्या दुकानात फोन असायचा. मुंबईहून कुणाचा फोन आला की दुकानदार पोराला पिटाळायचा, "जा, त्यांना बोलावून आण." आपण धावत जायचो. तसंच हे आहे. घरातला इंटरनेटचा डबा बाहेरच्याला सरळ आत येऊ देत नाही, पण आतल्याला बाहेर जाऊ देतो. म्हणून कॅमेरा स्वतःच सारखा कंपनीच्या लांबच्या संगणकाशी जोडलेला राहतो. माझ्यासाठी काही निरोप आहे का, निरोप आहे का, असं विचारत बसतो. मुलाचा फोनही त्याच संगणकाशी बोलतो. तो मधला संगणक म्हणजे आपला पी.पी.वाला दुकानदार. अन् पी.पी.वर बोलताना दुकानदाराला सगळं ऐकू जायचं, हे आपण विसरलो नाही ना? म्हणून तर आपण अर्धं बोलणं गिळून टाकायचो. आता मात्र आपण त्या यंत्रासमोर वेणी घालतो, भांडतो, लेकराला पाजतो.

याला घाबरायचं का? थोडं घाबरायला हरकत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीनं झाडू मारणाऱ्या यंत्राची चाचणी घ्यायला २०२० साली काही घरांत यंत्रं दिली होती. त्या घरच्यांनी कॅमेऱ्याला होकार दिलेला होता. पण यंत्रानं टिपलेली चित्रं पुढं परदेशातल्या मजुरीवर काम करणाऱ्या लोकांकडं गेली, चित्रात खुर्ची कुठली, भिंत कुठली हे ओळखून लिहायला. त्यातली काही त्यांनी आपापसात इंटरनेटवर टाकली. एक चित्र संडासात बसलेल्या बाईचं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये ही गोष्ट उघड झाली. अन् मे २०२४ मध्ये अमेरिकेतच काही घरांतल्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांचा परक्या माणसांनी ताबा घेतला. यंत्र घरभर फिरत घरच्या लोकांना शिव्या देत होतं. होकार दिलेल्या बाईचं असं झालं. आपल्याला तर कुणी विचारतही नाही, भिंतीला खिळा ठोकून मोकळे होतात.

आता तर माणसासारखे दोन पायांचे घरगुती रोबो विकायला काढले आहेत. मूळ नॉर्वेतल्या वन एक्स नावाच्या कंपनीनं ऑक्टोबर २०२५ मध्ये 'निओ' नावाच्या रोबोची नोंदणी सुरू केली, किंमत वीस हजार डॉलर. कपड्यांच्या घड्या, भांडी, सगळं करील म्हणतात. पण जे काम त्याला जमत नाही, ते कंपनीचा माणूस लांबून करतो. डोळ्यांवर चष्म्यासारखं यंत्र लावून, रोबोच्या डोळ्यांनी तुमचं घर बघत. म्हणजे घरात यंत्र आहे असं वाटतं, पण आत माणूस असतो, अन् तो दिसत नाही. आपल्या घरी भांड्याला बाई येते तेव्हा ती दार वाजवून येते, आपण तिला नावानं ओळखतो, तिची लेकरं कितवीत आहेत ते आपल्याला ठाऊक असतं. हा वीस हजार डॉलरचा गडी कोण, ते आपल्याला कळायचं नाही.

तरीपण या विद्येला मी वाईट म्हणणार नाही. जपानात टोकियोला निहोनबाशी भागात २०२१ च्या जूनपासून एक हॉटेल चालतं. तिथं चहा-कॉफी द्यायला येतात ते रोबो, पण ते चालवणारी माणसं आपापल्या घरी अंथरुणावर असतात. कुणाचा पाठीचा कणा मोडलेला, कुणाला सगळं अंग लुळं पडत जाणारा आजार. कुणी एक बोट हलवून, कुणी नुसत्या डोळ्याच्या हालचालीनं रोबोला चालवतो, गिऱ्हाइकाशी बोलतो, अन् त्याचा पगार घेतो. हे ऐकलं तेव्हा मला माझी मामेबहीण आठवली. वीस वर्षं खाटेवर होती. तिचं डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा तल्लख होतं. तिला रोज काहीतरी काम पाहिजे असायचं अन् आम्ही तिला लसूण सोलायला द्यायचो.

म्हणजे बटण कुणाच्या हातात आहे, त्यावर सगळं आलं.

आमच्या कॅमेऱ्याचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. एका दुपारी न्हाऊन केस वाळवत बसले होते, घरात कुणी नाही म्हणून जरा सैल. तर बारीक घर्र आवाज झाला. वर बघते तो कॅमेऱ्याची मान माझ्याकडं वळलेली. मुलगाच होता, आजीला शोधत होता बिचारा. पण माझ्या अंगावर काटा आला तो आला. राग मुलाचा नव्हता. माझ्याच घरात कोण कधी बघतंय हे मला कळत नाही, याचा होता. एक ओळखीची बाई मला नंतर म्हणाली, "तुमचा पोरगा तरी चांगला आहे. माझा नवरा पुण्याहून मान फिरवून बघतो, मी कुठं गेले, किती वाजता आले, कोण आलं होतं. अन् वरून म्हणतो, चोरांसाठी लावलाय."

मी त्या रात्री मुलाला फोन केला अन् सरळ बोलले. भांडले नाही. पहिलं म्हणजे ते ॲप माझ्याही फोनमध्ये पाहिजे, नुसतं बघायचं नाही, मालकीचं. कोणकोणत्या फोनला परवानगी दिली आहे ती यादी त्यात दिसते, ती मी बघितली. त्यात एक जुना फोन निघाला, मुलानं मित्राला विकलेला. तो काढून टाकला. दुसरं, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायला लावला. २०१६ साली जगभरातले लाखो कॅमेरे अन् डबे चोरांनी अशाच न बदललेल्या पासवर्डमधून पकडले होते. तिसरं, कॅमेरा आतल्या खोलीतून काढून ओसरीत लावला, तोंड दाराकडं अन् गोठ्याकडं. अन् त्याची वायर माझ्या हाताला लागेल अशी ठेवली. माझे किटकॅट ते.

त्या मैत्रिणीसारखी जिची गोष्ट असेल, तिला एवढं सांगते. संमतीशिवाय कुणाच्याही उघड्या अंगाचं चित्र काढणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई प्रमाणे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सायबर गुन्ह्यासाठी १९३० अन् बायकांच्या मदतीसाठी १८१ हे नंबर आहेत. पण पाळत ठेवणाऱ्या नवऱ्यापासून एकदम वायर उपटायच्या आधी आपल्या विश्वासाच्या माणसाशी बोला. रागीट माणसाला कॅमेरा बंद दिसला की तो काय करील ते तुम्हालाच जास्त माहीत.

अन् मोटारीचं राहिलं. ज्यांच्या शेतात मोबाईल स्टार्टर आहे त्यांनी आज घरात विचारा, की मोटारीवर हात घालायच्या आधी काय काढून ठेवता? नुसतं लाईन गेलेली आहे, हे पुरेसं नाही. लाईन कधीही येते. चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं, २३ ऑगस्ट २०२३ ला, तेव्हा बंगळुरूहून निघालेला निरोप तिथं पोचायला सव्वा सेकंदाच्या वर लागत होता, म्हणून उतरायच्या वेळचं सगळं यानानं स्वतःच ठरवावं अशी सोय केली होती. आपल्या डब्यात तेवढी अक्कल घातलेली नाही. सहस्रकुंडाकडं पाऊस लागला की आमच्याकडं रेंज तासन् तास जाते. मग अडकलेला निरोप कधी पोचेल याचा नेम नसतो.

आमच्याकडं आता एक रीत पडली आहे. मुलगा कॅमेऱ्यातून बघायच्या आधी फोन करतो. दाराची कडी वाजवावी तसं. "आजी, बघू का?" म्हणतो. आत्याबाई फोन कानाला लावूनच म्हणतात, "थांब रे, पदर घेऊ दे." मग पदर घेतात, चष्मा लावतात, कॅमेऱ्यासमोर ओसरीत नीट बसतात अन् म्हणतात, "हं, बघ आता. अन् येतोस कधी ते सांग."